तिसरा बाक

किल्ली मागायला तो संध्याकाळी सातला आला. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. मी चर्चचा रखवालदार, तो फर्निचर पॉलिश करणारा, माझा लहानपणापासूनचा दोस्त. पुढच्या दाराची किल्ली त्याला दिली. मागच्या दाराची माझ्या उशाखाली. हसू नकोस रे, पुढे कळेल का सांगतोय ते.

आपलं नवं चर्च तुम्ही पाहिलंयच. गिलावा न केलेल्या लाल विटा, वर लोखंडी तुळया, आणि खिडक्या म्हणजे वीतभर रुंदीच्या उभ्या चिरा. बाहेरून पाहिलं तर पाण्याची टाकी वाटावी. आत मात्र वेदीपर्यंत दोन्ही बाजूंना सागवानी बाक. प्रत्येक बाकापुढे गुडघे टेकायला बिजागऱ्यांवरची फळी. एरवी उचलून ठेवायची, प्रार्थनेला खाली घ्यायची.

डावीकडचा, वेदीकडून तिसरा बाक वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. दर रविवारी म्हणायच्या, "एकदा तरी शेजारी येऊन बसा." हा आपला दारात उभा. "बाक चकचकीत करणं माझं काम, बसणं तुझं." पुढच्या रविवारी बसतो, पुढच्या रविवारी बसतो, असं करता करता वहिनी गेल्या. दफनाच्या वेळी सगळे रडत होते. हा शवपेटीवरून बोट फिरवून मला म्हणाला, "पॉलिशचा एकच हात मारलाय रे." असा राग आला मला! त्यानंतरच्या सात महिन्यांतही डोळ्यांतून टिपूस नाही. एकदा मात्र बोलला, "मला काही होतच नाही. तिच्यासाठी रडूसुद्धा येऊ नये? मीच मेलोय की काय, तेवढं बघ."

शेवटचा हात रात्रीच मारायचा असतो. दिवसभराची धूळ तोवर खाली बसते. त्याने आतून कडी घातली आणि एकेक बाक करत गेला. वहिनींचा शेवटी ठेवला होता. तोही झाला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तो ब्रश पुसत होता. मागे फळी पडली.

ठप्प.

बिजागरी सैल असेल म्हणून गेला, फळी उचलून ठेवली. परत फिरला...

ठप्प. एक बाक पुढे.

कडी तशीच, मागचं दार कुलपात. आत कोणी नाही.

ठप्प.

आणखी पुढे. डावीकडचेच बाक. मी असतो तर चप्पल तिथेच टाकून पळालो असतो. तो नुसता मोजत राहिला. भीतीसुद्धा वाटली नाही, म्हणतो. सहावा. पाचवा. चौथा...

मग काहीच नाही.

तिसऱ्याची फळी पडली नाही. हळू खाली आली... टेकली. आवाज न करता.

तो गेला. आणि बसला. ओल्या पॉलिशवर! पोरांनी नुसतं बोट लावलं तर अंगावर धावून जाणारा माणूस तो.

"आलो," म्हणाला.



पहाटे पाचला मी मागच्या दाराने आत गेलो. तो तसाच बसलेला. हाताला धरून उठवला, तर पँटचं कापड टर्रकन फाटून बाकाला राहिलं. विचारलं, "काही दिसलं?"

"नाही."

"घाबरलास?"

"नाही रे." डाव्या दंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "डावी बाजू गरम होती."

मला रडू आलं. त्याला नाही.

फादर म्हणाले, बाक घासून पुन्हा पॉलिश करू. कामात कधी नाही न म्हणणारा हा माणूस, तिथे नाही म्हणाला. बाक तसाच आहे. उद्या उजेडात जाऊन बघा. पॉलिशमध्ये त्याच्या बैठकीचा ठसा आहे, रुंद, फाटक्या धाग्यांसकट. त्याच्या डावीकडे आणखी एक ठसा आहे. अरुंद. कापडाची बारीक वीणसुद्धा दिसते.

दोघांच्या मध्ये बोटभरही जागा नाही.