नको म्हणजे किती नको

ताटावर आडवा हात धरून वैजयंती केळुसकर बाई म्हणाल्या, "नको, पुरे झालं."

वाढायला उभ्या असलेल्या मैथिलीने पुरणपोळी लगेच डब्यात परत ठेवली. वर्गातल्या तीस विद्यार्थ्यांनी, म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या घोड्यांनी, माना डोलावल्या.

"अगं, मला अजून हवी होती!"

"मग नको कशाला म्हणालीस, आई?"

"पटकन हो म्हटलं की माणूस हावरट दिसतो. तू माझ्या डोळ्यांकडे बघायचं होतंस."

मैथिलीने निरखून बघितलं. "डोळे आहेत," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही झालंय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

ही पोरं मठ्ठ नव्हती. त्यांच्या जन्माच्या सुमारास 'मनश्रुती' आली होती. जोंधळ्याएवढा दाणा कानात बसवायचा; समोरच्याच्या चेहऱ्याचे बारीक स्नायू कसे हलतात ते तो टिपायचा आणि कानात सांगायचा: आई दमली आहे, सर चिडले आहेत, मित्र खोटं बोलतोय. घराघरातले गैरसमज संपले. मग कोणीतरी न्यायालयात गेलं की आमच्या मनातलं आमच्या परवानगीशिवाय का सांगता, आणि गेल्या वर्षी मनश्रुतीवर बंदी आली. दाणे निघाले तेव्हा एक अख्खी पिढी चेहऱ्यांसमोर निरक्षर ठरली. सरकारला उशिरा का होईना जाग आली आणि सक्तीचा विषय सुरू झाला: शाब्दिक आणि निःशब्द संवाद.

बाईंची धडपड मात्र वर्गातल्या एकाच विद्यार्थिनीसाठी होती. मैथिलीची निवड समुद्रतळावरच्या वसाहतीसाठी झाली होती. शरीर तिथल्या दाबाला सरावलं की पाच वर्षं वर येता येत नाही. बाईंना नवरा नव्हता, दुसरं मूल नव्हतं. लेकीने जाऊ नये असं त्यांना जीव तोडून वाटत होतं आणि ते न सांगता तिला कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दाणा होता तोवर न सांगताच तर कळत होतं.

मेंदूतज्ज्ञ डॉ. मुजावरांना त्यांनी गाठलं.

"डॉक्टर, सहा महिने शिकवतेय. पोरीला काहीच कसं दिसत नाही?"

"बाई, तान्हं मूल आईच्या तोंडाकडे टक लावून बघतं ना, तेव्हा मेंदूत चेहरे वाचणारी जागा घडत असते. पाच-सहा वर्षांनी ती खिडकी मिटते. यांच्या मेंदूला ते काम कधी पडलंच नाही. दाणाच करायचा सगळं."

"तिच्या कानात दाणा मीच बसवला. दीड महिन्याची होती. मी पेढे वाटले होते हो!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मीही माझ्या दोघांच्या कानात बसवला," ते म्हणाले. "नियम पाठ करून घ्या. पाढ्यांसारखे. तेवढंच आपल्या हातात आहे."

मग बाईंनी नियम घोकून घेतले. आपल्याकडे माणूस मनातलं सरळ सांगत नाही. 'नको' म्हणणाऱ्याला वाढावं. 'खरंच नको' म्हणणाऱ्याला हमखास वाढावं. निरोपाच्या वेळचं डोळ्यांतलं पाणी मायेचं असतं, त्याने अडून बसू नये. परीक्षेत मैथिली पहिली आली.

निघायच्या दिवशी दुपारी गाडी दारात आली. बाईंनी लेकीच्या हातावर दही घातलं आणि त्यांचा बांध फुटला. आयुष्यभराचा संकोच त्यांनी गिळला.

"मैथिली, जाऊ नकोस."

मैथिली थबकली. आईच्या चेहऱ्याकडे बघून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहिली.

"खरंच नको जाऊस. वरवरचं नाही बोलत गं. मला एकटीला नाही राहवणार."

"खरंच?"

"अगदी खरंच! तुझ्या पाया पडते."

मैथिलीचा चेहरा उजळला. तिने आईला घट्ट मिठी मारली. "कळलं गं! किती मनापासून जा म्हणतेयस!"

बाईंनी तोंड उघडलं. पण आता जे बोलतील त्याने ती आणखी खात्रीने निघाली असती, आणि गप्प राहिल्या तरी ती निघालीच असती.

गाडीच्या काचेतून मैथिलीने हात हलवला. तिच्या चेहऱ्यावरचं बाईंना स्वच्छ वाचता येत होतं. कानात दाणा नसताना, पहिल्यांदाच, स्वतःची आई आपल्याला कळली म्हणून पोरगी आनंदात होती.