सरजाबाईचं लंकेचं तिकीट

ए गोलू, तो मोबाईल उलटा ठेव. उजेडात गोष्ट मरती. अन् रविकिरण, तू कालिजात जातोस, तुला लई अक्कल. तर बोला, लावता पैज? ह्या गोष्टीचा शेवट आधी वळखून दावा. वळखला तर उद्या सकाळी तुमच्या दोघांच्या म्हशी मी धुतो, शेपटीसकट. न्हाई वळखला तर काई देऊ नका. फकस्त घरी जाताना मागं बघू नका.

हसू नका रे. म्या लई जणांना फसवलंय, कबूल. सरपंचाच्या वरातीत घोडीला भांग कुणी पाजली, ते बी कबूल. पण ही खरी हाय. पिराजी डायव्हर, देगलूरचा, टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो तो... माझा सख्खा साडू. त्याच्या तोंडून ऐकली. जाऊन इचारा त्याला. सांगणार न्हाई तो. पण इचारल्यावर त्याचं तोंड कसं व्हतंय, तेवढं बघून या.

तर उदगीरला मन्मथ म्हणून एक जण व्हता. मेन रोडच्या आतल्या गल्लीत ऑनलाईनचं दुकान. रेल्वेचं तिकीट काढ, पॅनकार्ड काढ, पासपोर्टचा फारम भर, असलं काम. गोड बोलायचा. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. गेल्या साली शिवरातीच्या टायमाला त्यानं बोर्ड लावला, 'समुद्रातून लंका यात्रा'. तिकडं तामिळनाडूत नागपट्टणम गाव हाय. तिथनं बोट सुटती, चार-पाच घंट्यात पलीकडं लंका. उतरलं की जवळच महादेवाचं लई जुनं देऊळ. आपले लिंगायत आप्पा लोक महादेव म्हणलं की तयारच. अकरा जण झाले. बारावी सरजाबाई.

सरजाबाई म्हणजे नागप्पाची बायको. नागप्पा मिरचीचा अडत्या, जाऊन सात-आठ वर्सं झालती. लेकरूबाळ न्हाई. बाईनं कधी तळं बी धड बघितलं न्हव्हतं, समुद्र तर लांबच. पण मरायच्या आधी समुद्रापल्याडच्या महादेवाला आपल्या हातानं बेल वाहायचा, ही एकच आस. त्यापायी अडुसष्टाव्या वर्सी पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस घरी आला, म्हणला, "आज्जे, गुन्हा करून पळून चाललीस काय?" तर ही म्हणती, "हाव बाबा, शेजारणीची भाकर चोरलीय. लंकेत लपणार हाय." पोलीस हसून हसून चहा पिऊन गेला.

पासपोर्ट आला तवापासून गळ्यात दोन वस्तू. एक इष्टलिंग, एक पासपोर्टची पिशवी. बायका चिडवायच्या, "सरजाबाई फॉरेनला चालली!" ही फोटोचं पान उघडून दावायची. झोपताना बी उशाला.

मार्चमधी गाडी निघाली. डायव्हर पिराजी. मन्मथनं वाटंतच सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. म्हणला, "माझ्यापाशी द्या, हरवतील." हिनं बी दिला. पण रोज रातीला मागायची, "बाळा, येकडाव बघू दे रे." बघायची, तोंडावरनं हात फिरवायची अन् सकाळी माघारी द्यायची.

आता हिथं मेख हाय. मन्मथची बायको वर्षाराणी बी गाडीत व्हती. तिला बी बोटीत बसायचं व्हतं, पासपोर्ट बी व्हता. पण तिचं तिकीट काढायचं ह्यानं लांबवत नेलं, अन् नागपट्टणमला पोचले तर बोट फुल्ल. बायको लागली फुरंगटायला, "सगळ्या गावाला लंका, अन् मी हिथं डायव्हरसंगं वांगी शिजवू?" रातभर डोस्कं खाल्लं.

बाबांनो, ती बोट म्हणजे आपली काळीपिवळी न्हाई. एक उतरला अन् दुसरा चढला, असं चालत न्हाई. ज्याचं तिकीट त्याचंच नाव, त्याचाच पासपोर्ट. मन्मथनं काय करावं? पहाटं मोबाईलवर सरजाबाईचं तिकीट रद्द केलं. जागा मोकळी झाली, तशी गपकन बायकोच्या नावानं काढली. बायकोला म्हणला, "कुणाचं तरी रद्द झालं, तुझं नशीब." अन् उजाडताच सरजाबाईनं माघारी दिलेला पासपोर्ट गाडीतल्या एका शिटाच्या खोळीत सारला.

सकाळी बंदरावर सगळ्यांना पासपोर्ट वाटले. सरजाबाई हात पुढं करून हुबी. मन्मथ म्हणतो, "मावशे, तुझा तर राती तूच नेलतास की बघायला."

"माघारी दिला की रे बाळा, सकाळी."

"कवा? मला कुठं दिलास? नीट आठव."

म्हातारं माणूस. आठवायला लागली. आठवून आठवून तिलाच वाटायला लागलं, आपणच कुठं ठिवला. गाठोडं सोडलं. लुगडी झटकली. बेलाची पानं सांडली. खिडकीवरच्या साहेबाला आधार कार्ड दावलं. मतदानाचं दावलं. रेशनचं दावलं, बँकेचं पुस्तक दावलं, नागप्पाचा फोटो बी दावला. साहेब त्याच्या भाषेत एकच शबूद म्हणत व्हता, पासपोर्ट, पासपोर्ट. आधारवर आपला देश फिरता येतो रे, दुसऱ्याच्या देशात कोण इचारतंय?

अन् बोटीकडं निघालेल्या मन्मथला ती काय म्हणली म्हाईत हाय? हात जोडून म्हणली, "माफ कर बाळा. माझ्यापायी तुम्हा सगळ्यांना उशीर झाला."

माफी. तिनं मागितली.

बोट गेली. पिराजी अन् ती, दोघंच गाडीपाशी. दिवसभर ती शिटावर बसून गाठोडं उचकायची. राती बी तिथंच. जेवली न्हाई. पिराजी म्हणायचा, "अव्वा, दोन घास खा," तर म्हणायची, "थांब, घावंल आता." तिसऱ्या दिवशी पहाटं पिराजीनं हाक मारली... बसल्या जागीच गेलती. मांडीवर गाठोडं उघडं.

त्याच शिटावर, गोलू. त्याच खोळीवर बसून तिनं दोन दिवस, दोन राती पासपोर्ट हुडकला.

त्याच दिवशी बोट माघारी आली, अन् मयत उदगीरला आणलं. आपल्या आप्पा लोकांत जाळत न्हाईत, बसवून मूठमाती देत्यात. खड्ड्यात मांडी घालून बसवलं, हातात लिंग दिलं, वरून भस्म, बेल, मीठ. मन्मथ पुढं पुढं करून राहिला व्हता. आता खोळीतनं गुपचूप काढलेला पासपोर्ट त्याच्या खिशात, अन् त्याला धास्ती, घावला कुणाला तर? जाळावा तर वास येतो, टाकावा तर नाव हाय. त्यानं बेलाच्या पानांत पासपोर्ट दडवला, दोन्ही हातांनी वंजळ वाहिली, हुंदका दिला... अन् दिला सोडून खड्ड्यात. तिच्या मांडीवर. वर माती. पुरावाच गाडला म्हणला.

शाण्या माणसाची अक्कल बघा. बाई मेली ती एका कागदापायी, अन् ह्यानं तो कागद तिच्या हातात दिला!

कागद आला. आता काय राहिलं? सांग की रविकिरण. का वळली बोबडी?

...तिकीट राहिलं.

सत्तावीस एप्रिल. आईतवार. चैताची आवस. दुसरी पार्टी जमवली व्हती मन्मथनं, लंकेचीच. दिवसा सर्वर चालत न्हाई, म्हणून रातचा दुकानात बसून तिकिटं काढून राहिला. शटर अर्धं खाली. गल्ली झोपलेली. घड्याळात अकरा वाजून चाळीस मिंटं.

पहिल्यांदा वास आला. वल्ल्या मातीचा. त्याला वाटलं, कुणी अंगणात पाणी मारलं. पण उदगीरला नळ येऊन नऊ दिवस झालते. पाणी मारणार कोण?

मंग कुत्री गप झाली. सगळी. एका दमात.

मंग शटराच्या बाहेर कुणीतरी बसलं. बसताना म्हातारं माणूस कण्हतं ना... तसं.

"मन्मथा..."

ह्यानं मान वर केली न्हाई.

"झोपला न्हाईस व्हय रे, बाळा?"

शटराच्या खालनं हात आला. नुसता हात. गोंदलेला. भस्मानं पांढरा. नखांत काळी माती. त्या हातात पासपोर्ट.

"घावला बघ. माझ्यापाशीच व्हता. तुला उगंच तरास दिला..."

हात फरशीवर सरकला. पासपोर्ट पुढं केला.

"तिकीट काढ."

पळावं तर दार एकच. अन् दारात ती.

त्यानं पासपोर्ट उचलला. गार. वल्ला. पानांत मीठ. त्यानं टाईप करायला घेतलं. नाव, सरजाबाई. नंबर. जन्माची तारीख. एक अक्षर चुकलं. बाहेरून आवाज आला...

"सावकाश. मला घाई न्हाई."

त्यानं घसा खाकरला. "मावशे... परतीचं बी काढू?"

"परतीचं कशाला..."

बटण दाबलं. प्रिंटर घरघरला. कागद आला. ह्यानं वाचला.

पुन्यांदा वाचला.

नाव, मन्मथ. पासपोर्ट नंबर ह्याचा. पाच मे, सोमवार. जायाचं. एकच.

"मावशे... हे तर... माझं नाव..."

बाहेरनं आवाज आला, एकदम मायेनं, लेकराला समजवावं तसं...

"जागा एकच व्हती ना रे, बाळा."

हातानं पासपोर्ट उचलला. अन् गेला.

मन्मथ सकाळपतोर टेबलाखाली. उजाडलं तसा थेट देगलूरला, पिराजीच्या घरी. पाय धरले, सगळं ओकला. रद्द केलेलं तिकीट, खोळ, बेलाची वंजळ, सगळं. पिराजीनं ऐकून घेतलं अन् आधी एक कानफाटात ठिवून दिली. माझ्याच शिटात, म्हणला, भाड्या, माझ्याच शिटात. मंग बसून रडला.

दोघं मिळून मठातल्या स्वामींकडं गेले. स्वामी म्हणले, त्या दिवशी पाण्याच्या जवळ जाऊ नको, बास. मन्मथ म्हणला, समुद्र हजार किलोमीटरवर हाय, मी उदगीर सोडतच न्हाई! ते तिकीट फाडलं. आपला पासपोर्ट लोखंडी कपाटात टाकला, कुलूप लावलं, किल्ली पिराजीच्या करदोड्याला बांधली.

चार मेची रात. मन्मथ आतल्या खोलीत पलंगावर. खिडकी न्हाई. दाराला आडवा पिराजी, त्याच्या बाजूला वर्षाराणी जागी. घरातलं पाणी बी बाहेर काढलं. हंडा, माठ, बादली. प्यायला तांब्या ठिवला न्हाई.

बारा वाजले. काई न्हाई.

दोन. काई न्हाई.

पाचला मन्मथ आतून म्हणला, "पिराजी, हाईस ना?" पिराजी म्हणला, "हाव."

सहाला म्हणला, "पिराजी... पलंग हालून राहिला का रे?"

पिराजी उठला. दिवा लावला. पलंग जागच्या जागी. "न्हाई. झोप."

"हालून राहिला रे... वर-खाली..."

मंग बोलला न्हाई.

सातच्या पुढं वर्षाराणीनं हाक मारली. एक. दोन. तिसऱ्याला पिराजीनं दिव्याचं बटण दाबलं.

बसलेला व्हता. मांडी घालून. भिताडाला टेकून. डोळे सताड उघडे. नाकातून पाणी. तोंडातून पाणी. व्हटांवर मीठ. अन् गादी कोरडी. फरशी कोरडी. अंगातला सदरा कोरडा ठाक.

दवाखान्यात चिरफाड केली. डाक्टरनं पिराजीला बाजूला घेतलं. म्हणला, "खरं सांगा, कुठल्या समुद्रावरनं आणलं ह्याला?" छाती भरून पाणी व्हतं. खारं.

दिवस झाल्यावर पिराजीनं करदोड्याची किल्ली सोडली, कपाट उघडलं. सगळे कागद जसेच्या तसे. पासपोर्ट तेवढा वल्ला, फुगलेला. आता ह्यात कसं असतंय, हिथनं बोटीत चढताना एक शिक्का, तिकडं उतरल्यावर दुसरा. जाऊन-येऊन चार. मार्चच्या फेरीचे चारी त्यात व्हते.

त्याच्या खाली पाचवा. पाच मे. हिथनं गेल्याचा.

पोचल्याचा न्हाई.

वर्षाराणीनं तो जाळला न्हाई, पुरला बी न्हाई. पिराजी म्हणतो, दर सोमवारी सकाळी ती अंगणात बसून पान उघडती. हात लावून बघती. कागद अजून वाळला न्हाई.

अन् सहावा शिक्का अजून उठला न्हाई.