डॉसची दुसरी फ्लॉपी

"हॅलो... हॅलो... निळ्या छत्रीवाल्या मॅडम, पुढं कुठं जाऊन राहिल्या? घर इकडं हाय!"

मे महिन्याच्या भर दुपारी महाल वस्तीतल्या त्या बोळात चिटपाखरू नव्हतं. जयवंताने दचकून मागे पाहिलं. एका ओट्यावर भोंग्यांची रास, आणि रासेमागे माईक धरून उभा एक तरुण. तिने नजर रोखली मात्र — पठ्ठ्याने माईक खाली ठेवला आणि त्याची वाचाच बसली!

हा रुपराव. लग्नाकार्यात भोंगे लावायचा त्याचा धंदा. थोरल्या भावाने दुबईहून कॉम्प्युटर आणला, घरात मांडला आणि तो परत गेला. साल अठ्ठ्याऐंशी, आळीत कोणी असलं यंत्र पाहिलेलं नव्हतं. कोणतं गाणं कोणत्या कॅसेटवर, याची यादी त्यात करायची रुपरावला भारी हौस. म्हणून कॉम्प्युटरच्या क्लासने जयवंताला दहा दिवस त्याला शिकवायला धाडलं होतं.

"नुसतं बटण दाबून याला काही कळत नाही," तिने काळी चौकोनी फ्लॉपी खाचेत सरकवली. "आधी ही डॉसची फ्लॉपी. कीबोर्ड, पडदा, प्रिंटर — कोणी केव्हा काय करायचं, ते डॉस ठरवतो."

"म्हणजे मांडवातला ऑपरेटर," तो कूलरकडे बघत पुटपुटला. "भोंगे हायेत, माईक हाय... पण ऑपरेटर नाही तर सारं चूप."

जयवंता बघतच राहिली. क्लासातल्या शिकलेल्या पोरांना हे समजायला चार दिवस लागले होते.

"आणि एका ऑपरेटरवर भागत नाही. याची आत्ताच दुसरी कॉपी करून ठेवा."

मग रोजची दुपार तशीच येऊ लागली. वाळ्याचा गार वास, पार्वतीबाईंचं "घे वं पोरी, पन्हं घे", आणि जयवंताखेरीज सगळीकडे बघणारा त्यांचा मुलगा रुपराव.

"मॅडम, फायलीचं नाव आठच अक्षरांचं काहून?"

"माझ्याशी बोलताय की कूलरशी?"

त्याचे कान लाल व्हायचे. तिला हसू यायचं... आणि घरी गेल्यावरही तेच कान आठवायचे. जीव जडला होता, दुसरं काय! पण पुढचं पाऊल त्याने टाकायला हवं ना?

दहाव्या दिवशी तिने मुद्दाम सांगून टाकलं. "पुण्याची नोकरी आलीय मला. आज संध्याकाळी होकाराची तार करायचीय."

ती थांबली. फार थांबली.

"चांगलं हाय," तो म्हणाला. कूलरला.

तिने रागारागाने बटण दाबलं. यंत्र खरखरलं, पण डॉस काही येईना. फ्लॉपी कोरी!

"कुठं ठेवली होती?"

"त्या दुरुस्तीच्या स्पीकरवर. कूलरचं पाणी उडू नये म्हणून..."

"अहो, स्पीकरमध्ये केवढं लोहचुंबक असतं! सगळं पुसलं गेलं. कॉपी द्या."

"ते... ते नका लावू."

"काहून नको?" तिने त्याचाच शब्द त्याच्यावर उगारला.

कॅसेटच्या कपाटामागून त्याने हळूच दुसरी फ्लॉपी काढली. डॉस सुरू झाला. सवयीने तिने फायलींची यादी मागवली, आणि तळाशी तिचंच नाव! इंग्रजीत बरोब्बर आठ अक्षरांत मावलेलं. शेजारी तारीख — शिकवणीच्या दुसऱ्या दिवसाची.

तिने फाइल उघडली. अक्षरं इंग्रजी, बोली मात्र महालातली.

"मॅडम गेल्या का घर सुनं लागते. माईक नसला तर मले बोलता येत नाही. कसं सांगू?"

तिचे डोळे भरून आले. "आठ दिवस हे इथं लिहून ठेवलंत... आणि मला म्हणता, चांगलं हाय?"

त्याचा हात माईककडे गेला. तिने त्यावर आपला हात ठेवला. "हा नको. अख्ख्या महालाला नाही ऐकायचं. मला ऐकायचंय."

"जा तुम्ही पुण्याले," तो इतकं हळू म्हणाला की तिला पुढे वाकावं लागलं. "नोकरी नका सोडू. मी येतो भोंगे घेऊन. लग्नं काय, पुण्यात बी लागतात."

"कोणाची?"

रुपरावने पहिल्यांदा कूलरवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"आपलं... इथंच लावू. आधी."