मनकर्णाबाईचं घंगाळ

वर्ध्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात, भरदुपारी एका अनोळखी माणसानं नलूला चोर ठरवलं. त्याच्या हातात नवीकोरी बादली होती आणि डोळे… डोळ्यांचं नंतर सांगू.

झालं असं. अठ्ठ्याहत्तर सालची संक्रांत नुकतीच सरली होती आणि रोहण्याच्या रूपरावांच्या घरी लेकीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. नागपूरच्या पाहुण्यांनी नलूला पाहिलं, पसंत केलं आणि चौथ्या दिवशी पोस्टानं यादी धाडली. एक्कावन्न भांडी, सगळी स्टीलची. पितळ नको, पितळ घासत कोण बसतं! मग नलूच्या आईनं, विमलाबाईनं, माळ्यावरचं सगळं जुनं पितळ खाली ओढलं. कसांड्या, पराती, हंडे. चुलीच्या धुरानं काळेठिक्कर झालेले. दोन पोती भरली. हे मोडीत घालायचं आणि बदल्यात चकचकीत स्टील घ्यायचं, असं ठरलं. नलूला कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर तिनंही तोंड उघडलं नाही. आपल्या लग्नात आपणच काय बोलायचं, असं तिला वाटायचं.

दुकानदारानं एक मोठं घंगाळ पोत्यातून काढलं आणि धातू पाहायला त्याचा काठ चिंचेनं घासला. काळं गेलं, पिवळं आलं आणि पिवळ्यावर कोरलेली अक्षरं दिसू लागली. तो मोठ्यानं वाचू लागला, "सौ. मनकर्णा बापूराव, मुक्काम देवळी…"

"थांबा जी!" बादलीवाला पुढे सरकला. "मनकर्णा माह्या मायचं नाव आहे. घंगाळ आमचं आहे. तुमच्या पोत्यात कसं काय आलं?"

नलूचे कान तापले. बाबा सुतळी आणायला बाहेर गेले होते, तेव्हा किल्ला तिलाच लढवायचा होता.

"मले समजते तवापासून आमच्या माळ्यावर आहे."

"म्हणजे चोरी जुनी आहे म्हणा."

"चोरी?" नलूनं पदर खोचला. "ओ बादलीवाले! चोरलंच असतं तं असं फुटक्या बुडाचं काऊन चोरलं असतं?"

त्यानं बादली खाली ठेवली, घंगाळ उचललं आणि बूड उजेडाकडे धरलं. बुडाच्या भोकातून एक डोळा नलूकडे पाहू लागला. मघाशी सांगायचं राहिलं ते हेच. डोळे हसरे होते, भांडतानासुद्धा हसरे.

"खरंच फुटकं आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात रूपराव आले. त्यांनी नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. त्यांना पुलगावचं एक लग्न आठवलं, भैयाजीचं, वीस वर्षांपूर्वीचं. भैयाजी रूपरावांचा सोयरा आणि देवळीच्या बापूरावांचाही. तिकडची लग्नं तेव्हा नातेवाइकांच्या भांड्यांवर पार पडत. म्हणून तर भांड्यावर नाव घालून घ्यायची रीत. पंगती उठल्या की नावं वाचायची आणि ज्याचं भांडं त्याच्या बैलगाडीत टाकायचं. पण त्या लग्नात वाचायचं काम ज्याच्याकडे, तो लहानू बुंदी खाऊन मांडवातच घोरत पडला आणि बाकीच्यांनी आकार पाहून भांडी वाटली.

"म्हणजे आमचं घंगाळ तुमच्याकडे असन," रूपराव म्हणाले. "विमलाचं नाव आहे त्याच्यावर."

"असन जी. मी आणून देतो. मधुकर म्हणतात मले. देवळीले भाजीची वाडी आहे आमची."

"आमचं आणा, तुमचं घेऊन जा."

रूपराव सरळ माणूस. त्यांनी दोन्ही पोती परत बांधली. एका भांड्यावर लोकाचं नाव निघालं, आता एकेक घासून वाचल्याशिवाय मोडीत घालायचं नाही, असं त्यांनी दुकानदाराला सांगून टाकलं. दुकानदाराचं तोंड कडू झालं. मधुकरचं मात्र झालं नाही, हे नलूनं पाहिलं.

घरी विमलाबाईचा तोल गेला. "देवळीवालीनं वीस वर्षं माह्यं धडधाकट घंगाळ वापरलं अन् मले फुटकं देलं! अन् मी शेजारच्या जिजाबाईनं भोक पाडलं म्हणून तिच्याशी बोलत नव्हती!" संध्याकाळी तिनं जिजाबाईला वाटीभर तिळगूळ नेऊन दिला. भांडण मिटलं. सगळा राग आता देवळीकडे वळला.

आठवड्यानं मधुकर आला. पिशवीत काटेरी वांगी, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवीगार जुडी… आणि घंगाळ नाही.

"घंगाळ?" नलूनं ओसरीवरूनच विचारलं.

"विसरलो."

"एवढं मोठं घंगाळ विसरले, अन् सांभार नाई विसरले?"

"सांभार शिळा होते. घंगाळ काय, वीस वर्षं थांबलं, आणखी आठ दिवस थांबन."

दुसऱ्या खेपेला तो बस चुकू नये म्हणून धावत निघाला होता, त्यात राहिलं. तिसऱ्या खेपेला कंडक्टरनं एवढं मोठं भांडं चढवू दिलं नाही. विमलाबाई आतून पुटपुटली, "नाचता येईना, अंगण वाकडं." पण वांगी तिनं ठेवून घेतली.

नलू ओसरीवर चिंच आणि राखेचा पसारा मांडून बसलेली असायची. एकेक भांडं घासायची, नाव वाचायची आणि तीन ढीग करायची. ठेवायचं, दुसऱ्या कामाला लावायचं, मोडायचं. मोडायचा ढीग सगळ्यात मोठा होता. मधुकर आला की खांबाला टेकून बसायचा आणि त्या ढिगाला हात घालायचा.

"ही कसांडी काऊन मोडता?"

"गळते."

"डाग लावला की नाई गळत. देवळीले आहे एक जण, मी नेतो." आणि पुढच्या खेपेला कसांडी खरंच परत आली, डाग लावून, आत कल्हई करून, पांढरी शुभ्र.

"ही परात?"

"बूडच गेलं तिचं. तिले काय डाग लावता?"

"मातीत पुरा काठापर्यंत, आत ओवा लावा. गोल वाफा होईन. तुमच्या हातचा ओवा… म्हणजे, ओवा चांगला असते पोटाले."

नलूनं मान खाली घातली आणि त्याच परातीवरचं नाव पुन्हा घासलं. ते आधीच लख्ख होतं.

असा मोडायचा ढीग रोडावत गेला. दूध तापवायच्या गंजाला कडी बसली. हंड्याचं झाकण कोंबडीच्या खुराड्याला दार म्हणून लागलं. रूपराव शेतातून येताना हे सगळं पाहत आणि पाय धुवायला जात.

एकदा तो आलेला असताना अवकाळी पाऊस आला. नलूनं धुतलेली भांडी ओळीनं वळचणीखाली मांडली होती. छपराच्या कवेलूंवरून पागोळ्या पडू लागल्या आणि प्रत्येक भांडं आपापल्या आवाजात वाजू लागलं. साडेपाचची बस केव्हाच निघून गेली. दोघं ओसरीवर, मध्ये हातभर अंतर…

"नागपूर… लांब आहे नाई इथून?" तो म्हणाला.

"एस्टी जाते."

"माहीत आहे. मी जात नाई तिकडं."

"काऊन?"

"काही काम नसते माह्यं तिकडं." मग वाजणाऱ्या भांड्यांकडे पाहत, "अजून तरी."

त्या दिवशी नलूला कळलं, आपण या माणसाची वाट पाहतो. यानं घंगाळ आणलं की याचं येणं संपणार आणि आपण लग्न होऊन नागपूरला जाणार. रोज सकाळी ती देवापुढे दिवा लावायची आणि मनात एकच मागायची, आजही त्याला विसरू दे.

पण दिवस कुणासाठी थांबत नाहीत. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली, येता रविवार. रूपरावांनी सांगितलं, शुक्रवारी पितळ घेऊन वर्ध्याला जायचं आणि स्टील आणायचं. देवळीवाल्यानं तोवर आणलं तर आणलं, नाही तर त्याचं त्याला देऊन विषय संपवायचा.

गुरुवारी दुपारी मधुकर आला. आज वांगी नव्हती, सांभारही नव्हता. घंगाळ तर नव्हतंच.

"आज काय झालं? कंडक्टर?" नलूनं हसायचा प्रयत्न केला.

"नाई." तो उभाच राहिला. "तुमचं घंगाळ आमच्या घरी नाई, नलू. पाच वर्षं झाले, मायनं मोडीत घातलं. स्टीलचे डबे घेतले त्याचे."

"तुमाले कवा समजलं?"

"वर्ध्याहून गेलो त्याच दिवशी."

नलूनं हातातली चिंच खाली ठेवली. "मंग… एवढ्या चकरा?"

"मायले लाज वाटली. म्हणे, बाजारातून नवं घेऊन देऊन टाक. पण नवं आणून देलं असतं, तं एका चकरेत काम संपलं असतं." त्यानं मान वर केली. डोळे आज हसत नव्हते. "मले तुमी आवडता. पह्यल्या दिवशी भांडल्या, तवापासून. पण तिकडं एक्कावन्न भांड्याचे पाहुणे, अन् माह्याकडं काय… वांगे."

"वांगे चांगले होते," नलू म्हणाली.

"तुमी नाई म्हटलं तं मी पुन्हा येत नाई. पण एकदा सांगा."

सांगा! महिनाभर नलूनं घरातल्या प्रत्येक फुटक्या भांड्याचा निकाल लावला होता. याला ठेवा, त्याला डाग लावा, हे मोडा. स्वतःबद्दल तिनं एक अक्षर काढलं नव्हतं. अंगणात बैलगाडीचा आवाज आला. रूपराव उतरले. नलू उठली, पायरी उतरली आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मले नागपूरले नाई जायचं."

रूपरावांच्या हातातले कासरे तसेच राहिले. "मंग कोठी जायचं?"

"देवळीले."

विमलाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. सगळं तिनं दाराआडून ऐकलं होतं. "वा रे वा! आमचं घंगाळ मोडून खाल्लं, अन् आता पोरगी मागून राह्यले?"

"मी अजून मागितलीच नाई जी," मधुकर घाबरून म्हणाला. "तिनंच सांगितलं."

रूपराव पायरीवर बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"नागपूरवाल्याची यादी मी चारदा वाचली," ते म्हणाले. "चमचेसुद्धा मोजले आहे त्यात. पोरगी काय शिकली, तिले काय आवडते, एका ओळीनंबी विचारलं नाई. सुपारी फुटली नाई अजून. उद्या मी वर्ध्याले न जाता नागपूरले जातो, हात जोडतो, अन् नाई म्हणून येतो." मग मधुकरकडे वळून, "तुमी तुमच्या मायले घेऊन या. अन् यावेळी विसरू नोका."

मधुकर वाकला, रूपरावांच्या पाया पडला, मग विमलाबाईच्या. "येतो जी. साडेपाचची बस आहे."

"बसा खाली!" विमलाबाई कडाडली. "पहा म्हणा! जावयाले उपाशी धाडलं, तं ती मनकर्णा आणखी वीस वर्षं मले नावं ठेवन. नलू, भाकरी टाक!"

नलू आत पळाली. परातीत पीठ घेतलं तर पाणी जास्त पडलं, मग पीठ जास्त पडलं, पुन्हा पाणी, पुन्हा पीठ. बघता बघता चार माणसांच्या जेवणाला दहा माणसांच्या भाकरींचा गोळा झाला. बाहेर आई विचारत होती, वांग्याला रोग पडतो का, पाणी किती द्यावं लागतं, आणि तो सगळ्याची नीट उत्तरं देत होता. नलूनं तवा चुलीवर ठेवला आणि पहिली भाकरी थापायला घेतली. ती फार सुखात होती.