एवढा पोळा होऊ दे

"एवढा पोळा होऊ दे, मने... मग मीच सांगतो अण्णांला. तू निस्ती 'हो' म्हन. तुला पोरीला कोन मारनार हाय? मला मातर जित्ता सोडनार न्हाईत..."

हा आवाज मनकर्णेनं एकसष्ट साली ऐकला होता, श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी, वालूरच्या ओढ्याकाठच्या लिंबाखाली. आता सत्त्याऐंशी साल चाललं होतं. आवाज ज्याचा, त्या दिनकररावांच्या मिशा पिकल्या होत्या, गावात त्यांचा शब्द खाली पडत नव्हता. पण मनकर्णेच्या कानातला तो आवाज अजून एकोणीस वर्षांचाच होता... घाबरलेला, धाप लागलेला, बहिणीच्या मनगटाला घट्ट धरून बसलेला!

आणि आज त्याच आवाजाच्या वयाचं दुसरं कुणीतरी गोठ्याशेजारच्या टिनाखालून ओरडत होतं.

"आत्याऽ! अगं लवकर ये! ही गाडी मेलेलीच न्हाई!"

भुजंग, दिनकररावांचा मुलगा. परभणीच्या आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकत होता. नामांतराच्या वादात कुणी बंद पुकारला की एस.टी. थांबायची आणि तो आठ-आठ दिवस घरीच अडकायचा. अशाच एका अडकल्या आठवड्यात त्यानं आजोबांच्या गाडीवरचा कडबा बाजूला केला होता. काळी फोर्ड, आठ सिलिंडरची. निजामी संपल्यावर अण्णांनी, म्हणजे अनंतरावांनी, हैदराबादहून आणलेली. तिचा हुंकार पार नदीपल्याड ऐकू जायचा म्हणे.

मनकर्णा हातातलं सूप ठेवून टिनाखाली गेली. भुजंगचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"सव्वीस वर्षं उभी हाय. मला वाटलं, पिस्टन गंजून धरलेले असतील, इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवावं लागंल. अन् बघ, पाना लावून फिरवलं तर फिरायलंय! आत सगळा चिकटा हाय, पर गंज न्हाई. कोन तेल घालीत होतं गं हिला?"

 मनकर्णा जरा हसली.

"लिंबाजी डायव्हरनं सांगितलं होतं जाताना. प्लगच्या आठ भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबून दिले, अन् म्हनला, अक्का, सालातून एकदा बोळे काढून पळीपळी एरंडेल घाल, म्हंजी जीव ऱ्हाईल."

"सव्वीस वर्षं?"

"आठ पळ्या तेल. त्याला काय लागतंय?"

तिला काय लागत होतं ते भुजंगला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला घरातल्या सगळ्यांइतकंच ठाऊक होतं. की आत्यानं सोळाव्या वर्षी हट्टानं गाडी चालवायला घेतली. खांदेमळणीच्या सांजेला ओढ्यातून न्हाऊन एकट्याच पुढं निघालेल्या हरण्या बैलाला धडक दिली. उद्या ज्याच्या शिंगांना बाशिंग बांधायचं, तो बैल लिंबाखाली पाय झाडून मेला. त्यानंतर अण्णा गाडीत बसले नाहीत. राणीसावरगावच्या सोयऱ्यांनी तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला... बैल मारलेल्या हाताची सून त्यांना नको होती. मग दुसरं स्थळ आलं नाही. आलं तर कानावर गोष्ट पडून परत गेलं. आणि अण्णांनी एक नेम घालून दिला, जो ते गेल्यावरही कुणी मोडला नाही. मनकर्णेचा हात बैलाला लागायचा नाही! खांदेमळणीला ती ओसरीच्या खांबाशी उभी राही. भावजय पार्वतीबाई कोमट पाण्यानं बैलांचे खांदे शेकी, हळद-लोणी चोळी, दिनकरराव बैलाच्या कानाशी वाकून म्हणत, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या... आणि मनकर्णा ते खांबाआडून ऐके.

सगळं उरकल्यावर पळसाच्या द्रोणात बोटभर लोणी उरायचं. ते घेऊन ती टिनाखाली जाई. गाडीच्या डाव्या मडगार्डवर हरण्याच्या खांद्यानं पडलेला खळगा होता. त्या खळग्यात ती लोणी चोळी, बिजागऱ्यांना चोळी, मग एकेक बोळा काढून तेल घाली आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणे:

*एरंडाचं तेल बाई, घालू मुक्या सोयऱ्याला*
*पोटातला बोल तुझ्या, नको सांगू वाऱ्याला...*

भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळेस ती गाडीचं मागचं दार उघडून आत जाऊन बसली आणि तो जाईतो उतरली नाही. घरच्यांना वाटलं, पापाची आठवण सुटत नाही बिचारीला. खरं एवढंच होतं की त्या दिवशी लिंबाखाली तिघं होते, ती, दादा आणि ही गाडी. दादावर तिचा जीव होता. म्हणून गाडीला साक्षीला बोलवायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलं होतं. तरी साक्षीदार जिवंत असावा, एवढं तिला वाटे.

पहिल्या पोळ्यानंतर ती वाट बघत राहिली होती. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळले, दादा म्हणाला नाही काही. पुढच्या साली दादाचं लग्न ठरलं. त्याच्या पुढच्या साली अण्णांनी वेशीतल्या मानाच्या जोडीची दोरी त्याच्या हाती दिली. दर साली काहीतरी होतंच. तिनं कधी विचारलं नाही, आणि मग न विचारण्याची सवयच लागून गेली, जशी डोक्यावरच्या पदराची लागते.

दिनकररावांनी मुलाला अडवलं मात्र नाही. "खेळू दे," ते पार्वतीबाईंना म्हणाले. "चालू व्हायची न्हाई ती."

पण भुजंग खेळत नव्हता. जुनी सहा व्होल्टची कुरतडलेली वायरिंग काढून त्यानं बारा व्होल्टची ओढली. उन्हाळ्यात इंजिन उकळू नये म्हणून मोडीतल्या ट्रॅक्टरचं मोठं रेडिएटर आणून, कापून, झाळून बसवलं. ब्रेक नवे केले. एकेक पिस्टन काढून रॉकेलमध्ये धुताना तो आत्याला जवळ बसवून घेई आणि तिच्या हातात पान्यांची पिशवी देई.

"चौदाचा दे. अगं, तो न्हाई, तो सोळाचा! आत्या, आयटीआयला मास्तरच्या हाती लागलीस तर कान पिळतेल तुझा."

"मास्तरच्या घरी भाकरी कोन थापती इचार. मग म्हनावं ये कान पिळायला."

तो डाव्या मडगार्डपाशी हातोडी घेऊन आला तेव्हा मात्र तिनं त्याचा हात धरला. "तेवढं ऱ्हाऊ दे."

मग आषाढ सरला आणि एका दुपारी त्यानं पुढची सीट काढायला घेतली. सीट जागची हलेना. तो खाली पालथा पडून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"आत्या, जरा सीटवर बस बरं. हांडलच्या मागं."

"मला का बसवायलास?"

"बस की."

ती बसली. सव्वीस वर्षांत ती मागच्या सीटवर कितीदा बसली होती. हांडलामागं आज पहिल्यांदाच.

"आता क्लच दाब."

तिनं पाय लांबवला. पोचला नाही. ती पुढं सरकली, पुन्हा लांबवला. पायाचा अंगठा आणि क्लच यांच्यात चांगली वीतभर जागा उरली होती.

"तवा मी उंच होते," ती म्हणाली.

"मानूस म्हातारपनी आखडतंय खरं. पर वीतभर? अन् तू बेचाळीसची हायस गं!" तो हसला नाही. "सीट सरकायची खालची पट्टी ठोकरीत वाकली. वाकल्या जाग्यावर जुना गंज चढलाय, म्हंजी तवापासून सीट हललीच न्हाई. ज्यानं गाडी चालवली, त्यानं सीट पार मागं घेतलेली होती. लांब पायाचा मानूस होता, आत्या."

मनकर्णेनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. टिनावर एक कावळा खुडबुडत होता. घरात सहा फूट उंचीचा एकच माणूस होता, आणि ते दोघांनाही बोलून दाखवावं लागलं नाही.

"पट्टी सरळ कर," ती शेवटी म्हणाली. "सीट पुढं घे. अन् कोनापाशी बोलू नको. तुला माझी आन हाय, भुजंगा!"

"का पर? तुझं लगीन मोडलं, आत्या! बैलाला हात लावायची चोरी झाली तुला..."

"तुझ्या आबाची जोडी वेशीत पैली जाती. हे भाईर कळलं तर त्या दोरीला कोन हात लावू दील त्यांला? माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता त्यांचं मोडून मला काय भेटनार हाय, सांग?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते बघून भुजंगलाच रडू आलं. काळ्या मनगटानं त्यानं डोळे पुसले आणि गालांवर ग्रीसचे पट्टे ओढले गेले.

"मी बोलनार न्हाई," तो म्हणाला. "पर पट्टीला हात बी लावनार न्हाई."

आणि त्यानं लावला नाही. सीट होती तशीच, मागच्या टोकाला, नवं कापड घालून बसवली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना बैल ओढ्यावरून न्हाऊन आले आणि अंगणात उभे केले. पार्वतीबाईंनी कोमट पाण्याचं घंगाळ आणून ठेवलं, द्रोणात हळद-लोणी कालवलं. मनकर्णा आपल्या खांबाशी जाऊन उभी राहिली. गडी, शेजारी, सुताराचा व्यंकटराव असे दहा-वीस जण जमले होते. तेवढ्यात टिनाखाली काहीतरी खोकलं... पुन्हा खोकलं... आणि मग आठही सिलिंडर एकदम पेटून उठले! जोत्यावरची तांब्याभांडी थरथरली. बैलांनी कान टवकारले. काळी, तकतकीत, डाव्या अंगाला खळगा मिरवणारी ती गाडी सावकाश अंगणात आली आणि बैलांसमोर वीस पावलांवर थांबली.

"च्यायला! अनंतरावांची गाडी!" व्यंकटराव ओरडला. "अहो, हिचा आवाज मी शाळेत असताना ऐकला होता!"

भुजंग उतरला. दार उघडं धरून त्यानं वडिलांकडं पाहिलं.

"आबा, बसा. पैली फेरी तुमी मारा."

दिनकररावांचा चेहरा उतरला. "मला कुठं येतीय चालवायला?"

"बसून तर बघा."

 मनकर्णेनं खांब सोडला. "दादा, नको... पोरगं आपलं कायबी बोलतंय. तुमी बैलांचं बघा." पण चार माणसं बसा बसा म्हणत होती, आणि इतक्या लोकांसमोर मुलाला नाही म्हणायचं कारण दिनकररावांना सुचेना. ते वाकून आत बसले.

त्यांचे पाय आपोआप लांब झाले आणि क्लचवर, ब्रेकवर जाऊन पडले. सीट पुढं घ्यावी लागली नाही, मागं घ्यावी लागली नाही. दोन्ही हात हांडलावर गेले ते जिथं एकदा होते तिथंच. इंजिन पायाखाली घुमत होतं. समोर काचेपलीकडं, न्हाऊन ओला झालेला पांढरा बैल मान वळवून त्यांच्याकडं बघत उभा होता.

किती वेळ गेला कोण जाणे. लोकांना वाटलं, ते बापाची आठवण काढतायत. मनकर्णेला दिसत होती फक्त त्यांची बोटं. ती हांडलावर अशी आवळली होती, जशी एका सांजेला तिच्या मनगटावर आवळली होती.

मग त्यांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. अंगणात एकदम इतकं शांत झालं की बैलांच्या अंगावरून ठिबकणारं पाणी ऐकू यावं.

दिनकरराव उतरले. ते पार्वतीबाईंकडं गेले, त्यांच्या हातातला लोण्याचा द्रोण घेतला आणि ओसरीच्या पायऱ्या चढून मनकर्णेसमोर येऊन उभे राहिले.

"घे."

तिनं हात पाठीमागं नेले. "नको, दादा..."

"अवो, हे काय करायलाव?" पार्वतीबाई घाबऱ्या झाल्या. "वन्संचा हात चालत न्हाई बैलाला! अण्णांचा नेम हाय. चार लोक बघायलेत..."

"बघू दे. बघायलाच पायजेल त्यांनी."

 एवढा मोठा देह पायरीवर बसता बसता राहिला. मनकर्णेनं पाठीमागचे हात पुढं आणले, ते त्यांना सावरायला. आणि द्रोण त्या हातांत आला. दिनकररावांनी अंगणाकडं तोंड केलं. व्यंकटरावाकडं, गड्यांकडं, मुलाकडं. पण बोलले ते बहिणीचं मनगट धरून.

"हरण्या हिच्या हातानं मेला न्हाई. गाडी मी चालवित होतो, मी! ही बाजूला बसलेली होती. हिला म्हनलो, एवढा पोळा होऊ दे, मग सांगतो... सव्वीस पोळे झाले, मने. मी सांगितलं न्हाई."