येडबाचं घोंगडं

येडबा गेला त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो, ते मेंढरांचं बघायला. आमची वाडी पालमपासून दोन कोसावर, गोदावरीच्या अंगाला. येडबा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पोरवयापासून आमी दोघांनी संगंच मेंढरं राखली. त्याची बायको कासाबाई म्हणली, मेंढरं तीन दिस झाले जाळीच्या कुंपणाबाहेर पाय ठेवीनात, कोणी जवळ गेलं की कोपऱ्यात दाटून उभी ऱ्हातात. तिचा ताडकळसचा जावई परमेश्वर सोमवारी मेंढरं न्यायला टेम्पो घेऊन येणार होता. तवर ती जगली पायजे होती.

तुमी मेंढरं पाळली नसतील म्हणून सांगतो. पिल्लू मेलेली मेंढी दुसरीचं पिल्लू अंगाला लागू देत न्हाई. मग मेलेल्या पिल्लाचं कातडं काढायचं आणि पोरक्या पिल्लाच्या पाठीवर बांधायचं. मेंढी वास घेती आणि पाजती. दोन दिसांनी कातडं काढलं तरी चालतं. तवर ते पिल्लू तिचंच झालेलं असतं.

मला तेच सुचलं. येडबाचं काळं घोंगडं खुंटीला होतं. घामाचा, तंबाखूचा, लेंड्यांचा वास मुरलेलं. कासाबाईला विचारून मी ते खांद्यावर घेतलं आणि जाळी उघडली. म्होरक्या मेंढीनं घोंगड्याचं टोक हुंगलं आणि ती चालायला लागली. चाळीसच्या चाळीस तिच्यामागं. मला बरं वाटलं.

सडकेवर महारुद्रानं फटफटी थांबवली. तो वालूरला नोकरीला, महिन्यानं गावाकडं येतो.

"काय येडबातात्या, म्हातारीनं सकाळीच हाकललं का काय?"

त्याला खरं सांगायचं तर येडबा कसा गेला, कधी गेला, सगळं सांगावं लागलं असतं. मला कंटाळा आला. मी "हां बाबा" म्हणलो. तो हसत निघून गेला. मी तिथंच बोलायला पायजे होतं, असं आता वाटतं.

दुपारी बाभळीखाली बसलो तर घोंगड्याचा वास येईना झाला. वास गेला नव्हता. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत न्हाई, तसं झालं होतं.

दिस कलताना भगवानराव भेटले. त्यांचं रान लय मोठं, दर साली खतासाठी आमची मेंढरं तिथं बसवतात. येडबाला माती देताना पहिली मूठ त्यांनीच टाकली होती. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे ऱ्हायले. माझं तोंड नीट पाहिलं. मग म्हणले, "येडबा, परवापासून मेंढरं आमच्या रानात बसव. मागच्यासारखं उशीर लावू नको."

मी मान डोलवली आणि मेंढरं घराकडं वळवली.

दिवे लागायच्या वेळेला मेंढरं जाळीत घातली. कासाबाईनं पाय धुवायला पाणी ठेवलं. माझ्यासमोर तिचा पदर कधी डोक्यावरून ढळला न्हाई. आज तो खांद्यावर होता.

"आलाव का?" ती म्हणली. "भाकरी टाकू?"

"कासाबाई, मी रामहरी हाय..."

तिनं वर पाहिलं न्हाई. चुलीत लाकूड सारत म्हणली, "रामहरीदादा मघाच घोंगडं ठेवून गेले. दमले होते बिचारे."

मी खुंटीकडं पाहिलं. खुंटीला घोंगडं होतं. माझ्या खांद्यावरबी होतं.

खांद्यावरचं मी दारातच टाकलं आणि घराकडं निघालो. पळालो न्हाई. माझ्या वयाला पळवत न्हाई. वाटेत कोण कोण बसलं होतं, मी कोणाच्या तोंडाकडं पाहिलं न्हाई. मनात एवढंच होतं की बायकोनं, दैवशालानं, रोजच्यासारखं "आवं" म्हणावं. चाळीस वर्षं ती मला तसंच बोलावती. तिनं तेवढं म्हणलं की झालं, मग बाकीची वाडी मला काहीबी म्हणो.

दार अर्धं उघडं होतं. मी कडी वाजवली. आपल्याच घराची कडी मी का वाजवली, कोणास ठाऊक. दैवशाला बाहेर आली. बल्बचा उजेड माझ्या तोंडावर पडला होता. तिनं चांगलं निरखून पाहिलं.

"या की भावजी," ती म्हणली. "हे आत्ताच जेवायला बसलेत."

मला माझं नाव सांगायचं होतं. तोंडातून आलं, "राहू द्या वहिनी. जेवू द्या त्याला..."

आत ताटाचा आवाज थांबला.

"कोण हाय गं?" आतून विचारलं. तो आवाज माझाच होता.

"येडबाभावजी हायत."

मग तोच आवाज, हळू, दैवशालाला धीर देत असल्यासारखा म्हणला, "आगं... येडबाला आपण माती दिली न्हाई का? त्याच्याशी बोलू नको. सावकाश मागं सर, आणि दार लाव."

दैवशाला माझ्याकडं बघत बघतच मागं सरली. आतून कडी लागली.