आपल्याच होळीची चोरी

"साप! होळीत साप शिरलाय!"

शुभाने सुहासचा हात असा काही ओढला की तिच्या मुठीतले फुटाणे सगळे मातीत गेले.

"कुठाय? कुठाय गं?"

"ओरडू नकोस! ऐक!"

दोघींनी श्वास रोखला. मैदानात रचलेल्या लाकडांच्या पोटातून आवाज आला. फुस्स्स! मग थांबला. मग पुन्हा, जरा लांबलचक, फुस्स्स्स!

सुहासची पाचावर धारण बसली. आता, सुहासला घाबरायला फारसं काही लागत नसे हे खरंच आहे. ती पालीला घाबरे, विजांना घाबरे, डॉक्टरांच्या नुसत्या बॅगेलाही घाबरे. अंधेरीच्या नवप्रभात वसाहतीत तिला सुहासिनी म्हणून कुणी हाकच मारत नसे, सगळ्यांची ती भागूबाई! पण शुभा? गच्चीच्या कठड्यावरून चालणारी, मुलांशी दोन हात करणारी शुभा? आज तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता.

होळीची सुट्टी, दुपारची वेळ, आणि मैदानावर या दोघींचा पहारा. पहारा तर हवाच! शिमग्याला लाकडं चोरायची ही जुनी रीत, आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यातली पोरं त्यात भलतीच पटाईत. शिवाय वसाहत मंडळाचे चिटणीस विद्याधरकाका प्रधान यांनी सूचनाफळ्यावर खडूने ठळक अक्षरांत लिहूनच ठेवलं होतं: 'होळीवर चढलेले लाकूड परत काढू नये. चोरीस गेलेले लाकूड परत मागू नये.' काकांच्या लेखी फळ्यावर आलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ.

"चल, पळू या," शुभा म्हणाली.

"आणि नंदू?" सुहासचा आवाज कापत होता.

नंदू म्हणजे सुहासचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा. यंदा मंडळाने नवीनच टूम काढली होती. लहान मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्या मुलाने होळी पेटवायची. निघाली नेमकी नंदूची! सकाळपासून स्वारी काठीला फडकं बांधून 'हा माझा काकडा' म्हणत घरभर नाचत होती. संध्याकाळी सात वाजता तो या ढिगाला अगदी चिकटून उभा राहणार होता.

सुहासने डोळे मिटले, मनातल्या मनात रामरक्षेची पहिली ओळ म्हटली आणि ढिगाशी वाकली.

मोडक्या खाटा, जुनं दार, नारळाच्या झावळ्या. त्यांच्या आत चार लाकडी पेट्या होत्या. साकीनाक्याला वेल्डिंगचा कारखाना असलेल्या हळदणकरांनी सकाळीच हातगाडीवरून पाठवलेली ही देणगी. फळ्यावर त्यांचं नाव काकांनी रंगीत खडूने लिहिलं होतं. त्यांतल्या एका पेटीच्या फटीतून पत्र्याचा डबा दिसत होता. खालून पांढरं, चुन्यासारखं काहीतरी पाझरत होतं. आणि वास! नाकात जाऊन बसणारा उग्र वास.

"शुभा, लसणाचा वास येतोय."

"होळीत लसूण? काय चटणी करायचीय का कुणाला?"

"आवाज कधी सुरू झाला गं?"

"मघाशीच. धूळ बसावी म्हणून काकांनी बादलीभर पाणी मारलं ना, त्यानंतर..."

सुहास ताडकन सरळ झाली. दिवाळीच्या आधी शाळेत विज्ञानाच्या बाईंनी एक राखाडी खडा दाखवला होता. त्यावर थेंबभर पाणी टाकताच तो फुसफुसला, लसणासारखा वास सुटला, मागे चुना उरला. बाईंनी काडी दाखवली आणि केवढा जाळ झाला! 'बंद डब्यात हा वायू साठला आणि ठिणगी पडली तर अख्खी खोली उडेल बरं का,' बाई म्हणाल्या होत्या. त्या दिवशी रात्री सुहासला झोप लागली नव्हती.

"साप नाहीये, शुभा."

"हुश्श! जिवात जीव आला!"

"साप असता तर बरं झालं असतं. कार्बाइड आहे ते!"

शुभाच्या तोंडचं पाणी पळालं. होळी पेटवण्याआधी तिच्याभोवती पाण्याची धार धरून फेरे घालतात. आधी पाणी, मग आग! आणि काकडा नंदूच्या हातात!

दोघी धावत सुटल्या. विद्याधरकाका मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून सत्काराच्या हाराला सुतळी बांधत होते.

"काका, होळीत कार्बाइड आहे! ती पेटी काढा!"

"काय आहे?"

"कार्बाइड! फुटेल ते!"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सुहास, गणपतीत तू काय म्हणाली होतीस? मांडव पडणार! पडला का? कोजागरीला म्हणालीस, गच्ची खचणार! खचली का?"

"पण काका, या वेळी खरंच..."

"होळीवर चढलेलं लाकूड काढायचं नसतं. अपशकुन होतो. आणि हळदणकरांसारख्या भल्या माणसाची देणगी बाहेर काढून ठेवू? सात वाजता सत्कार आहे त्यांचा! जा, पुरणपोळी खा."

सुहास आईकडे धावली. आई पुरण वाटण्यात बुडालेली, तिने मान वरही केली नाही. "दरवर्षी तुझं काहीतरी असतंच. जा बघू, मला काम करू दे." बाबा ऑफिसातून यायला संध्याकाळ होणार. जिन्यावर बसून सुहासला रडूच फुटलं. आजवर शंभर वेळा उगाचच घाबरलो म्हणून आज खरं सांगितलं तरी कुणी ऐकेना! वर घरात नंदू गात होता, "होळी रे होळी, पुरणाची पोळी!"

"आपणच काढू पेटी," शुभा म्हणाली.

"काका खुर्ची टाकून बसलेत. आणि काढलेली परत चढवतील. काढायची नाही म्हणतात ना..." सुहास बोलता बोलता थांबली. तिने नाक पुसलं. "शुभा, काढायची नाही. पण चोरीला गेली तर परत मागायचीही नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे कोळीवाड्यात जायचं."

शुभा आ वासून बघत राहिली. कोळीवाड्यातल्या पोरांचा म्होरक्या चंदर! गेल्या साली त्याने वसाहतीचा अख्खा ओंडका पळवला होता. त्याच्या गल्लीत जायचं? सुहासची छाती नुसती धडधडत होती, पण पाय चालत होते. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी चंदर आणि त्याची बहीण मंजुळा आपल्या होळीला पताका बांधत होती.

"काय गो भागूबाय?" चंदर हसला. "रस्ता चुकलीस काय?"

"आमची होळी चोरा," सुहास एका दमात म्हणाली.

"काय?"

"चोरा! हात जोडते, आत्ताच्या आत्ता चोरा!"

पोरं खो खो हसायला लागली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पण सुहासने अडखळत सगळं सांगितलं आणि मंजुळाचं हसू थांबलं.

"दादा, बाजारातल्या गॅसबत्तीत घालतात तोच खडा," ती म्हणाली. "नारूमामाचा हात भाजलेला ना तेनं?"

चंदरने पताका खाली ठेवली. "नंदू म्हणजे तो दात पडलेला पोरगा? माझ्याकडून शिंपला मागून नेला तो?"

सुहासने मान डोलावली.

"चला रे! बांबू घ्या, दोर घ्या. आनि कोरडा गोणपाट. पानी नाय लागलं पायजे!"

आता राहिले विद्याधरकाका. त्यांना खुर्चीतून उठवणार कोण? ते काम शुभाचं. तिने फळ्यावर काकांच्याच थाटात लिहिलं: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की कार्यकारिणीची तातडीची सभा आत्ता खजिनदारांचे घरी भरत आहे. विषय: सत्काराची शाल. चहा मिळेल.' मग ओरडली, "काका, सभेला नाही गेलात?"

काकांनी फळा वाचला. पुन्हा वाचला. "सभा? मी बोलावली? फळ्यावर आहे म्हणजे बोलावली असणार!" आणि धोतराचा सोगा सावरत निघाले की गडी! जाताना म्हणाले, "नंदूला बरोबर नेतो, काकडा कसा धरायचा ते शिकवतो."

कुंपणापलीकडून चार डोकी वर आली.

झावळ्या बाजूला झाल्या, पण पेटीपर्यंत जायला फट एवढीशीच होती. चंदरचे खांदे अडकले. मंजुळा शिरायला गेली तर वरची खाट करकरली.

"मी जाते," सुहास म्हणाली. "सगळ्यांत काटकुळी मीच आहे."

आत अंधार होता. कोळिष्टकं तोंडाला चिकटली. लसणाच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कानाशीच आवाज आला, फुस्स्स! कार्बाइडच आहे, साप नाही, कार्बाइडच आहे, असं ती स्वतःला बजावत होती. पण सापही असला तर? दोन्ही असलं तर? तिने कशीबशी पेटीला दोर अडकवला. "ओढा!"

पेटी इंच इंच सरकू लागली. तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"ताई! ए ताई! काकांनी माझा काकडा पेटवून बघितला! बघ कसा पेटलाय!"

फटीतून सुहासला दिसलं. नंदू धावत येत होता. त्याच्या हातात धडधडता काकडा! आणि होळीच्या पोटात लसणाचा वास कोंडलेला!

'थांब' म्हणायला तिने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. नंदू जवळ आला. आणखी जवळ आला. सुहासचा हात आपोआप तोंडाकडे गेला, उलटा, मुठीचा, आणि तिने बोंब ठोकली!

मुलींनी बोंब मारायची नसते, असं वसाहतीतल्या सगळ्या आज्या सांगत. पण ही बोंब अशी होती की झाडावरचे कावळे उडाले! होळीच्या पोटातून बोंब आलेली ऐकून नंदू जागच्या जागी खिळला.

"भूत! होळीत भूत!" काकडा तिथेच मातीत टाकून तो उलट पावली पळाला. मंजुळाने झेप घेऊन काकड्यावर ओंजळी ओंजळीने माती लोटली.

"ओढा रे! जोर लाव!"

पेटी बाहेर आली. मागोमाग सुहास आली, काळीठिक्कर, केसांत झावळीच्या काड्या. पेटीवर गोणपाट पडला, बांबू खांद्यावर चढला आणि चंदर आणि त्याचे दोघे दोस्त समुद्राकाठच्या मोकळ्या वाळूकडे धूम पळाले.

बोंब ऐकून सगळी वसाहत खाली आली होती. सर्वांत पुढे विद्याधरकाका.

"चोर! लाकूडचोर! आणा ती पेटी परत!"

"परत मागायची नाही, काका," शुभा म्हणाली. "फळ्यावर लिहिलंय."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे तुम्ही चोरांना सामील? मंडळाची अब्रू घालवलीत! पाहुणे येताहेत, आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

सुहास मान खाली घालून उभी होती. आईही रागाने बघत होती. आणि तेवढ्यात फाटकातून हळदणकर आले, कोट घालून, पण घामाघूम.

"या या!" काका हार घेऊन धावले.

"हार राहू दे हो! आधी सांगा, माझ्या पेट्या कुठायत? माणसाला म्हटलं रिकाम्या चार पेट्या दे, आणि त्याने न बघता कोपऱ्यातली कार्बाइडची पेटी गाडीत घातली! कारखान्यात तो वास नेहमीचाच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही! पाणी नाही ना लागलं तिला?"

काकांच्या हातातला हार खाली पडला. "मी... मीच बादलीभर..."

"अहो, मग ती आहे कुठे?"

"चोरीला गेली," शुभा ऐटीत म्हणाली. "सुहासने चोरवली. तिकडे वाळूत, माणसांपासून लांब आहे."

हळदणकर मटकन काकांच्या खुर्चीत बसले. "पोरी, पेटवली असती ना, तर जवळ उभं असलेलं एकही माणूस..." आईने नंदूला उचलून घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने सुहासला ओढून तिचं काळं तोंड पदराने पुसायला लागली.

हळदणकर वाळूकडे धावले. डबा नीट कोरडा करून ताब्यात घेतल्याशिवाय होळी पेटवायची नाही, हे त्यांनी बजावलं. इकडे विद्याधरकाकांनी सोगा खोचला आणि उरलेल्या तीन पेट्या स्वतःच्या हाताने ढिगातून बाहेर काढल्या. एकेक उघडून, वास घेऊन, आपटून पाहिली.

"काका, चढलेलं लाकूड काढताय? अपशकुन!" शुभा कुजबुजली.

"गप गं, आगाऊ! ह्या पेट्या कोळीवाड्याच्या होळीला द्या. चंदरला म्हणावं, मंडळाकडून, चोरीबद्दल बक्षीस."

सत्काराची शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली होती. ती त्यांनी सुहासच्या खांद्यावर टाकली. "सुहासिनी," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला नावाने हाक मारल्याचं सगळ्यांनीच ऐकलं. "पोरी, तू दरवेळी घाबरतेस म्हणून आम्ही ऐकायचंच सोडलं. चुकलं माझं."

होळी पेटायला आठ वाजले. नंदू मात्र काकडा धरायला तयार होईना. "आत भूत आहे!" सुहासने त्याच्या मुठीवर आपली मूठ धरली. तिची भीती अजून गेली नव्हती. तरी ती दोन पावलं पुढे गेली. काकडा टेकला, झावळ्या तडतडल्या, जाळ वर चढला. नुसता लाकडांचा, तांबूस, साधासुधा जाळ!

"आता बोंब!" मुलगे सरसावले.

"थांबा रे!" विद्याधरकाका गरजले. "आज पहिली बोंब सुहासिनीची. मार गं पोरी, मोठ्याने मार!"

सुहासने एकवार आज्यांच्या रांगेकडे पाहिलं. एका आजीने हसून मान डोलावली. तिने हात तोंडाशी नेला आणि दुपारपासून पोटात साठलेली सगळी भीती एका बोंबेत बाहेर काढली. ती थांबली, तर दूर वेसाव्याकडून उत्तर आलं. चंदर, मंजुळा आणि अख्ख्या कोळीवाड्याची, वसाहतीच्या पेट्या घातलेल्या होळीवरून दणदणीत बोंब!